फुकटच्या अनुभवाचा हिशोब

द्वितीय वर्ष, कला शाखा

इंटर्नशिप हा शब्द आपल्या महाविद्यालयात फार जुना नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो वाणिज्य विभागाच्या पलीकडे क्वचितच ऐकू येई, आणि कला शाखेच्या मुलांचा तर त्याच्याशी काही संबंध असेल असे कोणाला वाटत नव्हते. आता तो सूचनाफलकावर आहे, प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत आहे, स्नेहसंमेलनातल्या पाहुण्यांच्या भाषणातही आहे. नवे शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले आणि २०२४-२५ पासून आपल्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत ते लागू झाले. आमची तुकडी ही या धोरणाची इथली पहिली तुकडी. पुढच्या वर्षी सहाव्या सत्रात आपल्याला 'ऑन जॉब ट्रेनिंग' करून चार क्रेडिट मिळवावयाची आहेत. चार क्रेडिट म्हणजे १२० तास. तेवढे तास कुठेतरी जायचे, काम करायचे, काम शिकायचे आणि त्याचा अहवाल लिहून द्यायचा.

कल्पना चांगली आहे हे मी आरंभीच सांगून टाकते. नाहीतर पुढचे वाचून कोणी म्हणायचे की, बी. ए.च्या मुलीला कामाचा कंटाळा. कामाचा कंटाळा आमच्या घरात कोणालाच परवडत नाही. माझा प्रश्न काम करण्याविषयी नाहीच. त्या कामाचे पैसे कोणी द्यायचे, आणि कोणीच दिले नाहीत तर ते शेवटी कोणाच्या घरातून जातात, एवढाच माझा प्रश्न आहे. सक्तीची वेळ यायच्या आधीच, २०२५ च्या मे-जूनमध्ये, मी सहा आठवडे एका मोठ्या कंपनीत इंटर्न म्हणून राहून आले. त्यामुळे मी जे लिहिते आहे ते ऐकीव नाही.

कंपनी चाकणच्या औद्योगिक वसाहतीतली, वाहनांचे सुटे भाग बनवणारी. नाव देत नाही. एक तर आतले बाहेर सांगणार नाही अशा कागदावर मी सही करून दिली आहे, म्हणून इथे सांगते ते माझ्या स्वतःच्या कामापुरतेच. आणि दुसरे असे की, नाव दिले म्हणजे वाचणाऱ्याला वाटते, दोष त्या एकाच कंपनीचा. तसे नाही. तिथली माणसे वाईट नव्हती. ज्या मॅडमच्या हाताखाली मी होते त्या मला एकदाही चढ्या आवाजात बोलल्या नाहीत, आणि संगणकावर तक्ता कसा करायचा हे त्यांनीच शेजारी बसून शिकवले.

आमच्या एका सरांच्या ओळखीने तिघांची नावे तिथे गेली होती. मी, वाणिज्य शाखेची एक मुलगी आणि आमच्याच वर्गातला एक मित्र. तिघांत इंग्रजी त्याचे सर्वांत चांगले. वक्तृत्वाची ढाल आणणारा तोच. पण विद्यावेतन काहीही मिळणार नाही, जाण्यायेण्याचा खर्चही आपला आपण करायचा, असे कळले आणि त्याने नाव मागे घेतले. सर थोडे नाराज झाले. "संधी दारात आली की दार लावायचे नसते," असे ते म्हणाले. सरांचा हेतू चांगला होता. पण त्याच्या घरी उन्हाळ्याच्या कमाईवर पुढच्या वर्षाची फी ठरते. तो काही घरी बसला नाही. त्याच औद्योगिक वसाहतीत, माझ्या कंपनीपासून दोन किलोमीटरवर, ऑनलाइन विक्रीच्या मालाचे एक प्रचंड गोदाम आहे. तिथे तो ५५० रुपये रोजाने खोकी उचलायला लागला. दहा-दहा तास उभे राहून. संध्याकाळी तळेगाव चौकातल्या वाहतुकीच्या कोंडीतून सुटून आम्ही कित्येकदा एकाच एस.टी.ने परत येत होतो. मला अर्धे तिकीट, कारण २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मे भाडे आहे, त्याला पूर्ण.

आज माझ्याकडे प्रमाणपत्र आहे. त्याच्याकडे काही नाही. पुढे कुठे अर्ज केला तर माझ्या कागदावर 'मोठ्या कंपनीतील अनुभव' असे दिसेल आणि त्याच्या कागदावर उन्हाळ्याची जागा कोरी राहील. निवड करणाऱ्याला वाटेल की ही मुलगी धडपडी, आणि हा मुलगा सुट्टीत झोपून राहिला असेल. आमच्या दोघांत जो फरक झाला तो हुशारीचा नव्हे, कष्टाचा तर मुळीच नव्हे. माझ्या आईने माझ्या वाट्याचा कांदा स्वतः काटला म्हणून मी जाऊ शकले. त्याची आई आजारी असते. फरक एवढाच.

हे लिहिताना मला वडिलांशी झालेले बोलणे आठवते. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारले, "पगार किती?"

"पगार नाही अण्णा, शिकायला जाते."

"शिकाया कालेज हाय की. तिथं आपुन फी भरतो, बरूबर हाय. हितं काम तू करनार. मंग पैसं कुनी कुनाला द्यायचं?"

माझे वडील सातवी शिकलेले आहेत. अर्थशास्त्राच्या तासाला मी श्रमाचा मोबदला हे प्रकरण अभ्यासले आहे, परीक्षेत त्यावर प्रश्नही सोडवला आहे. तरी त्यांना उत्तर देता आले नाही.

आता प्रत्यक्ष कामाचे सांगते. कंपनीच्या दारावर गळ्यात अडकवायचे पास असतात आणि त्यांच्या पट्ट्यांना रंग असतात. निळी पट्टी कायम कामगारांची, हिरवी कंत्राटी कामगारांची, पिवळी शिकाऊ उमेदवारांची. इंटर्नसाठी रंगच नव्हता. म्हणून मला पाहुण्यांचा पास मिळे. सकाळी वहीत नाव, वेळ आणि 'कोणाला भेटायचे' हे लिहायचे आणि संध्याकाळी पास परत करायचा. छत्तीस दिवस मी त्या कंपनीची पाहुणी होते. पाहुणीला कॅन्टीनचे कूपन मात्र नव्हते. पहिले दोन दिवस डबा कुठे उघडावा ते कळेना. तिसऱ्या दिवशी साफसफाईच्या बायकांनी हाक मारली आणि मग शेवटपर्यंत मी त्यांच्यातच जेवले. तिथे गप्पांतून जे कळले त्यावर एक वेगळा लेख होईल. तो पुन्हा कधीतरी.

पहिला आठवडा कागद स्कॅन करण्यात गेला. कामगारांच्या फायली, आधारच्या प्रती, भविष्यनिर्वाह निधीचे क्रमांक. पगाराची स्लिप कशी वाचायची ते मला तिथे कळले. मूळ वेतनातून १२ टक्के भविष्यनिर्वाह निधीत जातात आणि मालकालाही तेवढीच रक्कम घालावी लागते, ही गोष्ट आमच्या गावातून चाकणला कामाला जाणाऱ्या निम्म्या पोरांना धड माहीत नाही. हे मी शिकले, हे मान्य करते, आणि त्याबद्दल त्या कंपनीचे ऋणही मानते.

दुसऱ्या आठवड्यापासून निराळे काम आले. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारी यंत्रे जिथे असतात त्या विभागात, सुरक्षेच्या नव्या पाट्या लावायच्या होत्या. या कामात धोका मोठा. यंत्राचा वरचा भाग खाली येतो त्या क्षणी मध्ये बोट असेल तर बोट राहत नाही. पाट्यांचा मजकूर इंग्रजीत आला होता आणि कोणीतरी तो संगणकाकडून मराठी करून घेतला होता. मॅडम म्हणाल्या, "एकदा नजर टाक, शुद्धलेखन बघ." शुद्धलेखन ठीक होते. पण पहिलीच पाटी अशी: 'पहारेकऱ्याशिवाय यंत्र चालवू नका.' मला काही उमजेना. प्रेसपाशी पहारेकरी कशाला? मूळ इंग्रजी काढून पाहिले तेव्हा उलगडा झाला. यंत्राच्या तोंडावर जी जाळी असते तिला इंग्रजीत गार्ड म्हणतात. संगणकाने त्याचा पहारेकरी करून टाकला होता. आग लागली तर सर्वांनी जिथे जमायचे त्या 'असेंब्ली पॉइंट'चे 'विधानसभा बिंदू' झाले होते. आणि यंत्र दुरुस्त करण्याआधी वीज बंद करून कुलूप घालण्याची जी पद्धत आहे, तिला इंग्रजीत लॉकआऊट म्हणतात, तिथे लिहिले होते, 'टाळेबंदी केल्यानंतरच दुरुस्ती करावी.' चाकणच्या कामगाराला टाळेबंदी या शब्दाचा एकच अर्थ माहीत आहे, आणि तो वाचून त्याला यंत्राची नव्हे, नोकरीची काळजी वाटेल.

मी मॅडमना म्हटले, हे सगळे पुन्हा लिहावे लागेल. त्या म्हणाल्या, "लिही." मग मी जेवणाच्या सुट्टीत प्रेस शॉपमधल्या लोकांना विचारू लागले की, याला तुम्ही काय म्हणता. जाळीला ते गार्डच म्हणतात. मग मराठीचा अभिमान बाजूला ठेवून मीही 'गार्ड लावल्याशिवाय मशीन चालू करू नका' असेच लिहिले. कुलपाच्या पाटीवर लिहिले: 'मेन स्विच बंद करा. स्वतःचे कुलूप घाला. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. मगच हात घाला.' बोलण्यावरून परभणीकडचे वाटणारे एक वयस्क ऑपरेटर होते. मी दोन-चार पाट्यांच्या आधी 'कृपया' लिहिले होते. ते त्यांनी वाचले आणि म्हणाले, "ताई, ते कृपया काढून टाका. कृपया दिसलं की माणूस पुढचं वाचीत नाही." काढून टाकले. अशा एकूण ६४ पाट्या झाल्या. हिंदीच्या पाट्यांवरही मॅडमनी माझ्याकडूनच नजर टाकून घेतली, कारण तिथे बिहार-उत्तर प्रदेशचीही पुष्कळ मुले आहेत.

आमच्या मराठीच्या मॅडम वर्गात सांगत असतात की, शब्द हा कोशातून नव्हे, बोलणाऱ्याच्या तोंडातून उचलावा. हे वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केले होते. प्रेस शॉपमध्ये त्याचा उपयोग माणसांची बोटे वाचवायला होईल असे मला वाटले नव्हते. 'बी. ए. करून काय करणार?' असे आपल्याला पाहुण्यारावळ्यांपासून कंडक्टरपर्यंत सगळे विचारतात, आणि आपणही ओशाळून गप्प बसतो. त्या कारखान्यात लाखालाखांचे पगार घेणारे अभियंते होते. इंग्रजी पाटीवरचा धोका त्यांना कळत होता, पण तो समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत सांगता येत नव्हता. ते काम बी. ए.च्या मुलीने केले. याला कौशल्य म्हणायचे की नाही?

पाट्यांचे काम चालू असतानाच माझ्या टेबलापाशी जेवणाच्या सुट्टीत माणसे येऊ लागली. मी मराठीत बोलते आणि कागद समजावून सांगते हे पसरले असावे. कोणाच्या आधारवर बाळासाहेब आणि निधीच्या नोंदीत बाळू; नाव जुळत नाही म्हणून पैसे अडकलेले. कोणाच्या जन्मतारखेत घोळ. एका कंत्राटी कामगाराने सही करून मागितलेला इंग्रजी कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "मॅडम, यात काय लिहिलंय?" माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. मी म्हटले, "काका, मॅडम नका म्हणू." "बरं ताई, पण वाचून सांगा." मी वाचून सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले, घडी घालून खिशात ठेवला, आणि "उद्या बघतो" म्हणून गेला. त्या कागदात काय होते ते मी लिहीत नाही. पण सही करण्यापूर्वी त्याला ते कळले, याचे मला समाधान आहे. मॅडमना ही गर्दी प्रथम आवडली नाही. नंतर त्यांनीच सांगितले की, तक्रारी कमी झाल्या आहेत, चालू दे.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. फायली स्कॅन करताना जुन्या पाट्यांच्या भाषांतराचे एका बाहेरच्या संस्थेचे बिल माझ्या हाती आले होते. आकडा लिहीत नाही, सही केली आहे. एवढेच सांगते की, भाषांतराला पैसे पडतात हे कंपनीला ठाऊक होते आणि तिने ते पूर्वी मोजलेही होते. माझ्यापाशी आले तेव्हा तेच काम 'अनुभव' झाले.

माझ्या शेजारच्या टेबलावर पिवळ्या पट्टीचा एक पदविकाधारक मुलगा होता, मेकॅनिकलचा. स्वभावाने चांगला. त्याला दरमहा विद्यावेतन मिळे. "तुला काहीच नाही?" असे त्याने आश्चर्याने विचारले. तोही शिकत होता, मीही शिकत होते; दोघेही साडेआठला येत होतो. फरक असा की, तो शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ या कायद्याखाली आलेला होता. हा कायदा मी घरी येऊन मुद्दाम वाचला. त्याच्या १८व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. आणि तरीही त्याला विद्यावेतन द्यावेच लागते! म्हणजे 'तुम्ही शिकता आहात, मग पैसे कसले?' हा जो प्रश्न आपल्याला ऐकवला जातो, त्याचे उत्तर या देशाच्या कायद्याने साठ वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. शिकणारा माणूसही जेवतो, एस.टी.चे तिकीट काढतो, आणि शिकता शिकता काम करतो. आपण इंटर्न त्या कायद्यात बसत नाही, कारण आपल्याशी तसा करार कोणी करीत नाही. यात न्याय कुठे आहे?

सरकारलाही हे पटलेले दिसते. २०२४ साली केंद्राने प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना आणली, तीत महिना ५,००० रुपये ठेवले. पण त्या वेळी वयाची अट २१ ते २४ होती आणि पूर्णवेळ शिकणाऱ्याला प्रवेश नव्हता. त्याच वर्षी राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६,००० आणि पदवीधराला १०,०००. तीही शिक्षण चालू असणाऱ्यांसाठी नव्हती. शिक्षण सोडलेल्याला पैसे, शिक्षण संपलेल्याला पैसे. आणि जो शिकतो आहे, ज्याला अभ्यासक्रमानेच कामावर पाठवले आहे, त्याने मात्र पदरमोड करावी, असा हा उलटा न्याय आहे.

परदेशातही हा वाद झाला आहे. अमेरिकेत 'ब्लॅक स्वान' या चित्रपटाच्या निर्मितीत बिनपगारी इंटर्न म्हणून राबलेल्या दोन तरुणांनी २०११ साली खटला भरला. २०१३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवून प्रकरण परत पाठवले, पण एक कसोटी घालून दिली: या व्यवहारात मुख्य लाभ कोणाचा झाला, शिकणाऱ्याचा की काम करून घेणाऱ्याचा? ती कसोटी तशी मालकांच्या सोयीचीच आहे अशी टीकाही झाली. पण तीच मी माझ्या सहा आठवड्यांना लावून पाहिली. पहिल्या आठवड्यात लाभ माझा होता, शंका नाही. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत मात्र पारडे दुसरीकडे झुकले. ६४ पाट्या आजही तिथे भिंतीवर असतील. माझ्याकडे त्यांतली एकही नाही, प्रतही नाही. फ्रान्समध्ये तर दोन महिन्यांहून अधिक काळ इंटर्न ठेवला की त्याला ठरावीक रक्कम द्यावीच लागते. तिथले कारखाने त्यामुळे काही बंद पडलेले नाहीत.

पण परदेशापर्यंत जायचे कारणच काय? काम करता करता शिकणे ही गोष्ट महाराष्ट्राला कोणी बाहेरून येऊन शिकवावी अशी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले, तिथे 'कमवा आणि शिका' हेच तत्त्व होते. मुले शेतात राबत, विहिरी खणत, खडी फोडत. आणि त्या श्रमावर त्यांचे जेवण आणि शिक्षण चाले. क्रम पाहा: आधी 'कमवा', मग 'शिका'. गरिबाच्या मुलाला कॉलेजात आणायचे तर त्याच्या श्रमाला किंमत द्यावी लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आज आपण 'शिका आणि वर पदरचे घाला' असे म्हणतो, आणि त्याला नवे धोरण म्हणतो.

पदरचे किती, तेही सांगते. प्रवास, एस.टी.चे अर्धे तिकीट आणि पुढे सहाआसनी रिक्षा धरून, दिवसाला ८० रुपये. ३६ दिवसांचे २,८८०. कारखान्यात चप्पल चालत नाही म्हणून बूट घेतले, ६५०. आणि हंगामात बाईमाणसाचा रोज ३०० रुपये, तो बुडाला, त्याचे १०,८००. एकूण १४,३३०. हा आकडा मी वडिलांना दाखवला नाही. त्यांनी तो आधीच मनात मांडला होता हे नंतर कळले. आमच्या घराने एका मोठ्या कंपनीला उन्हाळ्यात १४,३३० रुपयांचा हातभार लावला. चेष्टा करीत नाही. हिशोब तसाच निघतो.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळाले. जाड कागद, सोनेरी कडा, इंग्रजीतल्या सहा ओळी. त्यांत लिहिले आहे की, मी मनुष्यबळ विभागाचे कामकाज 'ऑब्झर्व्ह' केले. म्हणजे पाहिले. मी मॅडमना विचारले की, पाट्यांचा उल्लेख करता येईल का? त्या खरोखरच अडचणीत पडल्या. म्हणाल्या, "इंटर्नने काम केले असे लिहिता येत नाही गं. काम केले म्हटले की मोबदल्याचा प्रश्न येतो. हा मजकूर वरून ठरलेला आहे." माझे सगळे म्हणणे त्यांनीच दोन वाक्यांत सांगून टाकले.

आता प्राध्यापक मंडळींकडून येणारा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो मला सांगूनही झाला आहे. पैसे मागितले तर कंपन्या कला शाखेच्या मुलांना दारातही उभे करणार नाहीत. मग १२० तास कुठे भरायचे? आक्षेप खोटा नाही. महाविद्यालयाला शेकडो मुलांच्या जागा शोधायच्या आहेत आणि हातात अधिकार काही नाही, हे मला दिसते. पण मग मी विचारते, आपण दारात जातो ते कोणत्या तोंडाने? 'आमची मुले काहीही करतील, फुकट करतील' असे सांगत गेलो तर समोरचा आपल्याला त्याच भावाने तोलणार. त्याऐवजी 'आमची मुले तुमच्या पाट्या, तुमची पत्रके, तुमचे नियम कामगाराला समजतील अशा मराठीत लिहून देतील, आणि त्याची किंमत एवढी' असे कोणी एकदा तरी म्हणून पाहिले आहे का? चाकण, रांजणगाव, तळेगाव इथल्या कारखान्यांना या कामाची गरज आहे. ती मी डोळ्यांनी पाहून आले आहे. निदान येण्याजाण्याचे भाडे, जेवणाचे कूपन आणि एखाद्या रोजंदारी मजुराइतके विद्यावेतन, एवढे करारात लिहून घेतल्याशिवाय महाविद्यालयाने सही करू नये. आणि प्रमाणपत्रावर केलेल्या कामाचे नाव असावे. 'पाहिले' असे नव्हे, 'केले' असे.

आणि जो मुलगा सुट्टीत गोदामात खोकी उचलतो, बाजार समितीत कांद्याच्या गोण्या मोजतो, किंवा वडिलांच्या दुकानात बसतो, त्याचे ते काम १२० तासांत का धरू नये? मालाची नोंद कशी होते, पाळ्या कशा लागतात, ठेकेदार मजुरी कशी कापतो, यावर त्याने अहवाल लिहिला तर तो माझ्या अहवालापेक्षा खचितच सरस होईल. नियमांत हे बसते की नाही हे प्राचार्यांनी विद्यापीठाला विचारून घ्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे. विद्यार्थी प्रतिनिधींच्या बैठकीत मी हे तोंडी मांडले, तेव्हा 'लेखी द्या' असे उत्तर मिळाले. हा लेख त्या अर्जाला जोडायला म्हणून लिहिला आहे.

येत्या उन्हाळ्यासाठी नावनोंदणीची यादी लागली आहे. खाली बारीक अक्षरांत 'सर्व खर्च विद्यार्थ्याने करावयाचा आहे' अशी ओळ आहे. माझ्या मित्राने काल ती यादी वाचली. मला विचारले, "यंदा तरी काही देणार आहेत का?" मी ओळ दाखवली. नाव देण्याची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे. त्याने अजून दिलेले नाही.